आधी चप्पल दाखवा

वॉर्डात शिरल्यावर ती आधी पलंगाखाली वाकून बघते. वर झोपलेला माणूस, त्याच्या पायावरची पट्टी, केस पेपर हे सगळं नंतर. खाली चप्पल असली तर ती उचलते, उलटी करते, अंगठ्याखाली किती झिजली आहे ते बघते आणि आत हात घालून बोटं फिरवते. नातेवाईक अवघडतात. तेलुगू घरातली माणसं तर 'अय्यो, सिस्टरम्मा' म्हणत चप्पल तिच्या हातून काढून घ्यायला धावतात. नर्सनं आपल्या चपलेला हात लावावा हे त्यांना पाप वाटतं. पण सोळा वर्षं जखमा बघितल्यावर तिचा हा क्रम ठरून गेला आहे. तळपायाला जखम कशानं झाली, ते माणसाच्या आधी त्याची चप्पल सांगते.

ती मूळची देगलूरकडची. बारावीनंतर नर्सिंगचा जीएनएम कोर्स करायला हैदराबादला आली आणि इथलीच झाली. मराठवाड्यातल्या माणसाला हे शहर परकं नाही. 1956 साली राज्यांची पुनर्रचना झाली आणि मराठवाडा हैदराबाद राज्यातून बाहेर पडला, पण आजारपणाचा रस्ता काही बदलला नाही. देगलूर, बिलोली, धर्माबाद, उदगीर या पट्ट्यात मोठं दुखणं आलं की घरात अजून हैदराबादचं नाव निघतं. त्यामुळे तिच्या एका ड्यूटीत तीन-चार भाषा सहज होतात. तेलुगू बाई जखमेला पुंडू म्हणते, पट्टीला कट्टू, पुवाला चीमू. जुन्या शहरातले चाचा 'जखम भरतीच नै अम्मा' असं दखनीत गाऱ्हाणं घालतात. नांदेडकडची आजी 'लई चरत चाललीया माय' म्हणते. मधुमेहाला मात्र सगळ्यांकडे एकच शब्द आहे, शुगर.

कॉलेजात तिला ड्रेसिंग शिकवलं होतं. ट्रे कसा लावायचा, चिमटा कसा धरायचा, आतून बाहेर कसं पुसत यायचं, वापरलेला गॉज पिवळ्या पिशवीतच कसा टाकायचा. नोकरी लागल्यावर त्यात वेगाची भर पडली. सर्जनांच्या राउंडआधी वीस-बावीस ड्रेसिंग उरकणारी सिस्टर हुशार समजली जायची, आणि ती हुशार होती. जखमेत हायड्रोजन पेरॉक्साईड ओतायचं. पांढरा फेस उसळला की पेशंटलाही बरं वाटायचं आणि तिलाही. घाण निघाली, साफ झालं. मग बीटाडीनमध्ये भिजवलेला गॉज, वर पॅड, पट्टी, पुढचा पलंग. काल ही जखम केवढी होती, असं तिला कधी कुणी विचारलं नाही. तिनंही स्वतःला विचारलं नाही.

तो फेस जंतूंबरोबर नव्यानं धरू पाहणाऱ्या पेशींनाही मारतो, हे तिला पाचव्या वर्षी एका कार्यशाळेत कळलं. जॉर्ज विंटर हे नावही तिनं तिथंच पहिल्यांदा ऐकलं. या ब्रिटिश संशोधकानं डुकरांच्या पाठीवर सारख्या जखमा केल्या, काही उघड्या ठेवल्या आणि काहींवर पॉलिथिनचा पातळ पापुद्रा चिकटवला. झाकलेल्या, ओलसर राहिलेल्या जखमांवर नवी कातडी जवळपास दुप्पट वेगानं आली. 'वारा लागू द्या, सुकू द्या, खपली धरू द्या' हा घरोघरचा सल्ला, जो ती स्वतःही रोज देत होती, तो या प्रयोगापुढे टिकत नव्हता. प्रयोग 1962 साली छापून आलेला. तिचा जन्मही व्हायचा होता तेव्हा. त्या दिवशी तिला राग आला, पण तो कुणावर काढावा हे कळेना.

जखमांच्या कामाकडे मात्र ती वळली होती त्याच्या आधीच, एका रात्रीमुळे.

एका खाजगी हॉस्पिटलच्या आयसीयूत तेव्हा ती रात्रपाळीला होती. दोन सिस्टर, अकरा पेशंट. त्यांतल्या एक सत्तरीच्या आजी, खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालेलं, अंगात त्राण नाही. त्या रात्री शेजारच्या पलंगावरच्या माणसाचं हृदय बंद पडलं आणि पहाटेपर्यंत सगळे त्याच्याभोवती होते. सकाळी हँडओव्हरच्या आधी तिनं आजींचा चार्ट भरला. 12 वाजता डावी कूस, 2 वाजता उताणी, 4 वाजता उजवी कूस, 6 वाजता पुन्हा डावी. प्रत्येक रकान्यात सही. चार्टवर आजी रात्रभर वळत होत्या आणि पलंगावर त्या एकदाही वळल्या नव्हत्या. तिसऱ्या दिवशी अंग पुसताना सुनेला माकडहाडावर जांभळा डाग दिसला. आठवड्यात तिथली कातडी गेली, पंधरवड्यात आत हाड दिसायला लागलं. खुबा सहा आठवड्यांत जुळला. त्या बेडसोअरनं आजींना आणखी दोन महिने अंथरुणात ठेवलं. घरी जाताना सुनेनं सगळ्या सिस्टरांना मिठाई वाटली. तिच्या वाट्याचा पुडा तिला उघडवला नाही.

बेडसोअर झाला तर दोष बहुधा आजाराचा नसून शुश्रूषेचा असतो, असं फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी 1859 सालीच लिहून ठेवलं होतं. हे सगळंच्या सगळं सिस्टरांच्या माथी मारणं अन्यायाचं आहे. अकरा अत्यवस्थ माणसांना दोघींच्या हवाली करणं हा काही त्या दोघींचा निर्णय नव्हता. पण रकान्यातली खोटी सही तिची होती, आणि ती तिनं कधी दुसऱ्याच्या नावावर टाकली नाही. आज नवीन मुलींना शिकवायला उभी राहते तेव्हा ती ही हकिकत सर्वांत आधी सांगते. ऐकताना काही मुली मान खाली घालतात. त्यांनीही असे चार्ट भरलेले असतात.

मग तिनं वाचायला घेतलं. इंग्लंडमध्ये डोरीन नॉर्टन या नर्सनं 1962 साली अंथरुणावरच्या वृद्धांचा धोका आकड्यांत मोजायची पद्धत काढली होती. पुढे अमेरिकेत बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम या दोघी नर्सांनी सहा प्रश्नांची पद्धत बसवली आणि 1987 साली ती प्रसिद्ध झाली. दुखलं-खुपलं कळतं का, अंग ओलं राहतं का, माणूस उठून हिंडतो का, पडल्या जागी हलतो का, खातो किती, आणि वर ओढून घेताना कातडी घासते का. 23 पैकी 18 किंवा त्याहून कमी गुण पडले की सावध व्हायचं. दोन मिनिटांचं काम. तिनं त्या आजींना आठवून मनातल्या मनात गुण दिले. अकरा आले.

त्याबरोबर बरंच काही सोडावंही लागलं. टाचांखाली पाणी भरलेले हातमोजे ठेवायचे, बसायला हवेची गोल रिंग द्यायची, पाठीवर लाल झालेल्या जागी स्पिरिट आणि पावडर लावून चांगलं चोळायचं: हे सगळं तिनं अगदी मायेनं केलं होतं. मोज्यांनी टाचेवरचा दाब हटत नाही. रिंग मधल्या कातडीचं रक्त अडवते. चोळल्यानं आतल्या दुखावलेल्या रक्तवाहिन्या आणखी तुटतात. पोटरीखाली उशी घालून टाच अधांतरी ठेवायची, आणि माणसाला पूर्ण कुशीवर न टाकता तीस अंशांत कलतं ठेवायचं, एवढंच पुरतं. अल्फा बेड, म्हणजे हवेची गादी, मिळाला तर उत्तम, पण त्यावर ठेवलेला माणूसही वळवावा लागतोच. उशी तर प्रत्येक घरात असते.

दुसरी मोठी चूक मलकपेटच्या एका घरात झाली. तोवर ती नोकरीनंतर स्कूटीवरून घरोघरी ड्रेसिंगला जाऊ लागली होती. निवृत्त कारकून, शुगर वीस वर्षांची, पायाची करंगळी काळी पडलेली. सहा आठवडे ती एक दिवसाआड गेली. ड्रेसिंग इतकं नीटनेटकं असायचं की घरचे लोक पाहुण्यांना कौतुकानं सांगायचे. पाय हाताला गार लागायचा. डिसेंबर होता, तिला वाटलं थंडीनं असेल. सातव्या आठवड्यात रक्तवाहिन्यांच्या सर्जननं पावलाच्या वरच्या बाजूला दोन बोटं टेकवली आणि तिला विचारलं, 'सिस्टर, इथली नाडी शेवटची कधी लागली होती?' तिनं ती एकदाही बघितली नव्हती. पाय गुडघ्याखालून काढावा लागला. रक्तच पोचत नसलेल्या पायावर ती सहा आठवडे स्वच्छ पट्ट्या बांधत राहिली होती.

पुढच्या पगारात तिनं कोटी भागातल्या सर्जिकल दुकानातून रक्ताचा प्रवाह ऐकवणारा, हातात मावणारा डॉप्लर घेतला. घोट्याजवळच्या रक्तदाबाला दंडाच्या रक्तदाबानं भागायचं, उत्तर 0.9 च्या खाली आलं तर पायाकडे जाणाऱ्या वाटेत अडथळा आहे. शुगरच्या जुन्या पेशंटमध्ये रक्तवाहिन्यांच्या भिंती कडक होतात आणि हा आकडा खोटाच चांगला येतो, म्हणून ती कानावर जास्त भरवसा ठेवते. निरोगी रक्तवाहिनीच्या ठोक्यात आघात आणि प्रतिसाद असे वेगवेगळे आवाज येतात. आजारी रक्तवाहिनी नुसती वाऱ्यासारखी घोंघावते. हे ओळखायला तिला वर्ष लागलं. आता नाडी बघितल्याशिवाय ती कात्रीलाही हात लावत नाही.

भारतात मधुमेहाचे 10 कोटींहून अधिक रुग्ण आहेत असा अंदाज आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीतून 2023 साली पुढे आला. मधुमेहात पाय कापावा लागतो तेव्हा दहातल्या आठांहून अधिक वेळा सुरुवात एखाद्या साध्या जखमेपासून झालेली असते. ती जखम कुठून येते, हे मात्र तिला डॉक्टरांच्या व्याख्यानांपेक्षा एका ड्रेसरनं जास्त शिकवलं.

शहराबाहेरच्या कुष्ठरुग्णांच्या एका दवाखान्यात ती महिनाभर सुट्टीच्या दिवशी जायची. तेलंगणात या कामाची परंपरा जुनी आहे. निझामाबादजवळ डिचपल्लीला डॉ. इझाबेल केर यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात कुष्ठरोगाचं इस्पितळ उभं केलं. कुकटपल्लीचं शिवानंद पुनर्वसन गृह राणी कुमुदिनी देवींनी 1958 साली सुरू केलं. ती जायची त्या दवाखान्यातला ड्रेसर सातवी शिकलेला, स्वतः त्याच रोगातून बरा झालेला, दोन बोटं आत वळलेली. तो पेशंटची पट्टी सोडायच्या आधी त्याला दहा पावलं चालायला लावायचा आणि नुसता बघायचा. मग म्हणायचा, 'अम्मा, जखम कहीं नै भागती. पहले चप्पल दिखाओ बोलो.'

वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी 1940 च्या दशकाच्या अखेरीपासून जे दाखवून दिलं, ते या माणसाच्या हातात उतरलेलं होतं. कुष्ठरोगात बोटं झडून पडत नाहीत. पाय बधिर होतो, खुपलेलं कळत नाही, माणूस त्याच जखमेवर चालत राहतो आणि पाऊल झिजत जातं. दुखणाऱ्या पायानं आपण लंगडतो, आणि ते लंगडणंच पायाला वाचवतं. मधुमेहातही पाय असाच बधिर होतो. फरक आहेत, कुष्ठरोगात पाय पाण्यात भिजवून, घट्टे घासून तेल लावायला शिकवतात, शुगरच्या पायाला असं फार वेळ भिजवू नये. पण मुख्य गोष्ट एकच. ज्या जागेवर भार पडतो ती जागा मोकळी केल्याशिवाय कुठलंही महागडं मलम चालत नाही. मुंबईतल्या एका कंपनीच्या प्रतिनिधीनं तिला चांदीयुक्त ड्रेसिंगची पेटी फुकट दिली होती. त्याच आठवड्यात तिनं रबरी फोमला भोक पाडून तो एका पेशंटच्या जखमेभोवती चिकटवला, चांदीशिवाय. जखम भरू लागली.

बधिर पायांच्या हकिकती ऐकून तिच्या घरच्यांना झोप लागायची नाही. एका बाईच्या अंगठ्याचं टोक रात्री उंदरानं कुरतडलं होतं. सकाळी चादरीवर रक्त दिसल्यावर तिला कळलं. एक गृहस्थ बसमध्ये ड्रायव्हरशेजारी बसले आणि पाय इंजिनाच्या बॉनेटवर टेकवून झोपी गेले. उतरले तेव्हा दोन्ही तळव्यांना फोड. मे महिन्यात देवळाच्या फरशीवर प्रदक्षिणा घालणारे, दर्ग्याच्या अंगणात अनवाणी उभे राहणारे दरवर्षी येतात. श्रद्धेच्या जागी चप्पल घाला असं ती कुणाला सांगत नाही. सकाळी सातच्या आत जा, मोजे घाला, एवढं सांगते, आणि लोक ते ऐकतात.

खाण्याचं सांगणं त्याहून अवघड. वरण खाल्लं की जखमेत पू होतो, अशी समजूत तेलुगू घरांत घट्ट आहे. पप्पू म्हणजे वरण बंद, अंडं बंद, वांगं बंद. पथ्याच्या नावाखाली माणूस महिनोन्महिने भात आणि ताकावर. जखम भरायला जे प्रथिन लागतं तेच नेमकं ताटातून गेलेलं. पूर्वी ती यावर भाषण द्यायची. सासूबाई मान डोलवायच्या आणि पथ्य चालू राहायचं. आता ती सासूबाईंना स्वयंपाकघरात गाठते आणि विचारते, तुमच्या बाळंतपणात काय दिलं होतं? त्या सांगत जातात, आणि सांगता सांगता ताटात वाढण्यासारखं काहीतरी सुचतं. सुश्रुतानं व्रणाचे साठ उपक्रम मोजले, त्यांत आहारही धरला होता. ताटाशिवाय जखम बघता येत नाही, हे जुनंच आहे.

पैशाची गोष्ट तर रोजचीच. जखमेतला स्राव ओढून घेणारं निर्वात यंत्र 1997 साली अमेरिकेतल्या अर्जेंटा आणि मोरिक्वास या दोघांच्या अभ्यासानं जगभर पोचलं. ते भाड्यानं घेणं ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी वॉर्डात फोमचा तुकडा, राइल्स ट्यूब, वरून चिकट पापुद्रा आणि भिंतीवरचं सक्शन जोडून काम चालवतात. सर्जनच्या देखरेखीखाली तिनं असे कित्येक बसवले आहेत. मुंबईत डॉ. केसवानींनी भाजलेल्या जखमांवर उकडलेल्या बटाट्याच्या सालींचं ड्रेसिंग केलं, डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाचं. दोन्हींचे अभ्यास प्रसिद्ध झालेले आहेत. गरिबांच्या वॉर्डात उभं राहून विचार करणाऱ्या माणसांनाच अशा गोष्टी सुचतात असं तिचं मत आहे, आणि ते पटण्यासारखं आहे. पण घरी कुणी स्वतःच्या मनानं हळद, चुना, टूथपेस्ट लावून आलं की ती रागावते. तपासून, निर्जंतुक करून लावलेलं पान आणि शेजारणीनं सुचवलेला लेप यांत फार अंतर आहे.

तिला आजवर सर्वांत जड गेलेली जखम भरणारी नव्हती. छातीचा कॅन्सर कातडी फोडून बाहेर आलेल्या एका बाईची. वास असा की जिन्यातच कळायचा. नवरा व्हरांड्यात झोपायचा, सून दारातून ताट सरकवायची, नातवाला त्या खोलीत जायला मनाई. घरच्यांची माया कमी झाली नव्हती, त्यांना उभं राहवत नव्हतं. पहिल्या दिवशी तीही बाहेर जाऊन उलटी करून आली. मग पॅलिएटिव्हच्या डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या बारीक कुटून जखमेवर भुरभुरल्या, जुनी पट्टी ओढून न काढता सलाइननं भिजवून सोडवायला सुनेला शिकवलं, वर जाड पॅड ठेवला. चार-पाच दिवसांत वास बराच ओसरला. जखम तेवढीच राहिली. पुढच्या भेटीत ती गेली तेव्हा नातू आजीच्या पलंगावर बसून गणिताचा गृहपाठ करत होता. बाई महिनाभरानं गेल्या. जखम बरी करणं एवढंच आपलं काम आहे, असं तोवर तिला वाटत असे.

हे काम करिअर म्हणून निवडायला तिच्या घरून विरोध होता. आई म्हणायची, 'नर्स झालीस इथवर ठीक, पण जन्मभर पू-रक्तच का?' तिच्या बॅचच्या कितीतरी जणी प्रोमेट्रिकची परीक्षा देऊन आखातात गेल्या. तिनंही फॉर्म भरला होता, परीक्षेच्या आठवड्यात मलकपेटच्या त्या गृहस्थांचा पाय गेला आणि ती बसली नाही. नंतर ज्या हॉस्पिटलात ती 'वूंड केअर नर्स' झाली तिथं ओळखपत्र बदललं, पगार बदलला नाही. काही ज्युनिअर डॉक्टर अजून 'ड्रेसिंगवाल्या सिस्टरला बोलवा' म्हणतात. तिला ते लागतं आणि ती तसं स्पष्ट सांगते. जखमेची खोली मोजणं, नाडी ऐकणं, मेलेलं मांस कुठवर काढायचं आणि टाचेवरची कोरडी घट्ट काळी खपली केव्हा मुळीच काढायची नाही हे ठरवणं, यांतलं काहीच ट्रे उचलणाऱ्याचं काम नाही. नागपूरचे डॉ. शरद पेंडसे यांच्या पुढाकारानं या शतकाच्या सुरुवातीला मधुमेही पायांसाठी 'स्टेप बाय स्टेप' प्रकल्प चालला, त्यात प्रशिक्षणाला डॉक्टरबरोबर नर्स किंवा सहायकही यावा अशी योजना होती. अशी जोडी प्रत्येक जिल्ह्याच्या दवाखान्यात का नसावी, हे तिला कळत नाही. कुणालाही कळू नये.

नॉर्मा गिल यांची गोष्ट तिला फार आवडते. स्वतःच्या पोटावर स्टोमा, म्हणजे शौचासाठी केलेलं छिद्र, घेऊन जगणाऱ्या या बाईंना 1958 साली अमेरिकेत क्लीव्हलँड क्लिनिकच्या डॉ. रूपर्ट टर्नबुल यांनी इतर स्टोमावाल्यांना शिकवायला बोलावलं. त्या नर्स नव्हत्या. त्यांच्यापासून शुश्रूषेची एक नवी शाखा सुरू झाली, 1978 साली तिची जागतिक संघटना झाली, आज मुंबईत टाटा मेमोरियलमध्येही स्टोमाची काळजी घेणाऱ्या नर्सांना शिकवतात. कुष्ठरोगाच्या दवाखान्यातल्या त्या ड्रेसरचं कसबही असंच स्वतःच्या आजारातून आलं होतं.

कोविडच्या वर्षात हैदराबादचं गांधी हॉस्पिटल पूर्णपणे कोविडच्या रुग्णांसाठी राखलं गेलं तेव्हा ती दुसरीकडे आयसीयूत होती. पालथं झोपवल्यावर ऑक्सिजन वाढायचा, आणि गालांवर, हनुवटीवर, कपाळावर दाबाच्या जखमा उठायच्या. सिस्टरांच्या नाकांवर एन-95 चे वळ. पीपीईच्या पोशाखात पेशंटचे गाल बघायला वेळ कुणाला होता? तिनं दर पाळीला एका मुलीकडे फक्त चेहऱ्यांचं काम दिलं: उशी सरकव, मान वळव, नळीखाली पॅड ठेव. त्या वेळच्या चार्टांवर खोटी सही नव्हती, एवढं ती खात्रीनं सांगते.

तिच्या कपाटात पारदर्शक प्लास्टिकच्या कागदांचा गठ्ठा आहे. जखमेवर कागद धरायचा, कडेनं मार्करनं रेघ मारायची, तारीख टाकायची. चार आठवड्यांत तळपायाची जखम निम्म्यावर आली नाही, तर तेच ड्रेसिंग रेटत न बसता सगळं पहिल्यापासून तपासायचं: भार, रक्त, जंतू, शुगर, ताट. हा नियम ती उशिरा शिकली, पण आता मोडत नाही.

त्या गठ्ठ्यात नऊ कागद देगलूरकडच्या एका शेतकऱ्याचे आहेत. गळ्यात तुळशीची माळ, दर आषाढीला अनवाणी वारी. अंगठ्याच्या मुळाशी तळव्यावर नऊ महिने जुनी जखम, पहिल्या कागदावर चार सेंटिमीटर लांब आणि तीन रुंद. नाडी चांगली लागत होती, हाड शाबूत होतं. भार काढायला पायाला प्लास्टर घालून ऐन पावसाळ्यात शेतवस्तीवर राहणं अशक्य, म्हणून फोमची गादी आणि मऊ एमसीआर रबराची चप्पल. चपलेला ते तयार होईनात. वारकऱ्याच्या पायात वाण कशाला, म्हणाले. ती तासभर समजावत राहिली. शेवटी कोपऱ्यात बसलेली त्यांची बायको उठली आणि म्हणाली, 'पालखीत काय असतंय, सांगा बरं. पादुकाच न्हवं का?'

ते काही बोलले नाहीत. चप्पल घातली.

दर तीन आठवड्यांनी ते एसटीनं येत राहिले. तिसऱ्या आठवड्याचा कागद पहिल्याच्या निम्म्याहून लहान भरला. पाचव्या महिन्यात तिनं कागद धरला आणि रेघ मारायला काही उरलं नव्हतं. तिनं नुसती तारीख टाकली. घरी पेढे वाटले असं त्यांनी सांगितलं. अशा भरलेल्या जखमांपैकी शंभरातल्या चाळीसेक वर्षभरात पुन्हा उघडतात हे तिला माहीत होतं, म्हणून तिनं येणं थांबवू दिलं नाही.

मार्चमध्ये ते आले तेव्हा हरभऱ्याची रास नुकतीच उरकली होती. सवयीनं तिनं आधी चप्पल मागितली, आत हात घातला आणि बोटाला काहीतरी टोचलं. पट्ट्याच्या आत, अंगठ्याखालीच, हरभऱ्याचा एक टणक दाणा रुतून बसला होता. किती दिवस, कोण जाणे. तिनं तो काढून त्यांच्या तळहातावर ठेवला. ते बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. 'कळलंच न्हाई, माय,' ते म्हणाले.

तिनं पाय पुसून उजेडात धरला, जुन्या जागेवर अंगठा दाबून बघितला. कातडी लाल झाली होती, फुटलेली नव्हती. मग तिनं त्यांच्या बायकोला जवळ बोलावलं, चप्पल तिच्या हातात दिली आणि रोज सकाळी ती घालायच्या आधी कशी झटकायची, आत बोटं कशी फिरवायची, ते दोनदा करून दाखवलं. वहीत तीन आठवड्यांनंतरची तारीख लिहिली.